मालकाने आता काय करावं?

३ फेब्रुवारी

ही डायरी जानेवारीपासून लिहायची होती. लिहिली नाही. पहिल्या आठवड्यात पेन सापडत नव्हतं, नंतर पेन सापडलं पण मूड नव्हता, आणि मग आधीची इतकी पानं कोरी सोडून मध्येच सुरुवात करणं मला पटेना. माणसाला काही शिस्त असते. आज शेवटी ती कोरी पानं फाडून टाकली. आता डायरी बरोबर पहिल्या पानापासून सुरू होते. प्रश्न सोडवायची ही माझी पद्धत.

डायरी भाऊजींना कपडे धुवायच्या पावडरीच्या कंपनीने फुकट दिलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी डाग काढायची एक युक्ती छापली आहे. आज आहे शाई.

ताईकडे येऊन राहिलोय त्याला बरेच महिने झाले. तात्पुरतंच. त्याआधी मी ट्रकवर क्लीनर होतो, समुद्रकिनाऱ्यावर लोकांचे फोटो काढायचो, एका सर्कशीच्या तिकीट-खिडकीत बसायचो आणि त्याच्याही आधी कॉलेजला होतो, एक वर्ष, जमेल तसा. लोक याला भटकणं म्हणतात. मी अनुभव म्हणतो. ताई काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

ताई-भाऊजींची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे मशिनं आणि बॉयलर, वर त्यांचं घर आणि माझी खोली. सध्या सगळीकडे एकच विषय. एका हॉटेल कंपनीचा माणूस येऊन गेला. त्यांच्या सगळ्या हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल आपल्याला द्यायला तयार. अट अशी की पुढचा काउंटर काढून तिथे मोठी मशिनं बसवायची. म्हणजे गल्लीतली गिऱ्हाइकं बंद. उत्तर महिनाअखेरीला. भाऊजी म्हणाले, "बघू." भाऊजींना काहीही विचारा, "बघू." उद्या दुकानाला आग लागली तरी बंबवाल्यांना "बघू" म्हणतील. याला म्हणतात कणा नसणं.

ताई म्हणते, काउंटर एकदा उखडला आणि कंपनी वर्षभरात फिरली, तर आपण रस्त्यावर. मार्करवाल्यांनी तिला सांगितलंय की युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कंपन्यांची सगळी माहिती बघायला मिळते, बाहेरच्यांनासुद्धा. (ताईला गिऱ्हाइकांची नावं लक्षात राहत नाहीत, डाग राहतात. मार्करवाले म्हणजे ज्यांच्या बाहीवर कायम मार्करची शाई असते ते. शिवाय एक कॉफीवाली आहे, एक ग्रीसवाला आहे, आणि टोमॅटो सॉसवाले आजोबा.) तर ताईने फर्मान काढलं: दिवसभर लोळतोसच, तर लायब्ररीत जाऊन लोळ. ही हॉटेल कंपनी धड आहे का, एवढंच बघून ये. नाही जमलं तर एक तारखेपासून तुझी खोली इस्त्रीवाल्या काकांना. बिचारे दोन बस बदलून येतात, गुडघे गेलेत त्यांचे.

एवढंच बघून ये! इतकं फालतू काम मी करणार नाही. करेन तर संपूर्ण स्ट्रॅटेजी करेन. उद्या लवकर उठायचं.

५ फेब्रुवारी

काल उठायला उशीर झाला. आज निघालो, पण वाटेत एका इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. असं रोज बघायला मिळत नाही. टाकी चढली तोवर लायब्ररीच्या पास देणाऱ्या खिडकीवर "जेवणाची सुट्टी" अशी पाटी. परत आलो. ताईला सांगितलं, प्राथमिक पाहणी झाली.

६ फेब्रुवारी

पास मिळाला. गळ्यात घालायचा, "अभ्यागत" लिहिलेला. वॉचमनने तीनदा सांगितलं की आत खायचं नाही. माझ्याकडे बघून लोकांना खाणंच का आठवतं कळत नाही.

बिझनेस विभाग तिसऱ्या मजल्यावर. तिथे पुस्तकं जवळजवळ नाहीतच. मी म्हटलं, ही कसली लायब्ररी. नुसते कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासमोर एमबीएची पोरंपोरी. जन्मात कधी कपडा पिळला नसेल, पण पडद्यावर टेक्सटाइल इंडस्ट्रीचे आलेख.

काउंटरवर एक मॅडम. चष्मा डोक्यावर, तरी सगळं दिसतं. त्यांनी विचारलं, "नक्की काय हवंय?" मी म्हटलं, "सगळं." त्या म्हणाल्या, "सगळं इथे नाही. वरच्या मजल्यावर गच्ची आहे, तिथून सगळं दिसतं."

मग त्यांनी समजावलं. एका डेटाबेसमध्ये कंपन्यांचे वार्षिक अहवाल, एकात उद्योगांचे रिपोर्ट, एकात बातम्या, आणि खिडकीजवळ एकच मशीन आहे ज्यावर जगभरच्या बाजारांचे भाव चालू असतात. ते वेळ बुक करून मिळतं, त्याला दोन पडदे आहेत. "तुमचं काम पहिल्यात होईल. कंपनीचं नाव टाका, अहवाल उघडा, वाचा," म्हणाल्या. मी दोन पडद्यांवालं बुक केलं.

९ फेब्रुवारी

दोन पडद्यांचं मशीन म्हणजे खरी चीज. की-बोर्डला रंगीबेरंगी बटणं. एक पिवळं दाबलं तर कापूस आला. चादरी कशाच्या? कापसाच्या. म्हणजे हा थेट विषयच. कापसावरून गव्हावर गेलो, गव्हावरून जहाजांच्या भाड्यावर, तिथून तांब्यावर. तांब्याची परिस्थिती नाजूक आहे. पाठीमागे एक टायवाला पोरगा उभा राहून सुस्कारे टाकत होता, पुढची वेळ त्याची होती म्हणे. मी त्याला म्हटलं, तांब्यापुढे तुझं-माझं काय. मॅडम आल्या तेव्हा उठलो.

संध्याकाळी भाऊजींना कापसाचे भाव सांगितले. ते बॉयलरचा व्हॉल्व्ह पुसत होते. म्हणाले, "आपण चादरी धुतो रे, पिकवत नाही." दृष्टीच नाही.

निश्चय: उद्या हॉटेल कंपनी. फक्त हॉटेल कंपनी.

१० फेब्रुवारी

लायब्ररी बंद. पाटी वाचली, इमारतीत फवारणी. नशीबच आड येतं. दुपारी दुकानात बसून भाऊजींच्या धंद्याचं परीक्षण केलं. चुका ढीगभर. मागच्या भिंतीला एक अख्खा रॅक न नेलेल्या कपड्यांचा. लोक टाकून जातात आणि येतच नाहीत. भाऊजी त्या कपड्यांना पिवळा टॅग लावून ठेवतात, वर्षानुवर्षं, ऊन दाखवतात, परत घडी घालतात. मी म्हटलं, "भाऊजी, हा डेड स्टॉक आहे, काढून टाका." म्हणाले, "कुणाचं तरी आहे ना. येईल." आणि काडेपेट्या! धुताना निखळलेलं प्रत्येक बटण काडेपेटीत घालून त्या-त्या कपड्याला बांधून देतात. बटणांसाठी काडेपेट्या जमवणारा माणूस हॉटेलं सांभाळणार?

१२ फेब्रुवारी

आज आयुष्य बदललं.

हॉटेल कंपनीकडे जाता जाता पडद्यावर "केस स्टडीज" नावाचं एक दालन लागलं. केस स्टडी म्हणजे खऱ्या धंद्यांच्या खऱ्या गोष्टी, एमबीएच्या पोरांना शिकवायला लिहिलेल्या. सहज "लाँड्री" टाकलं. एकच आली. एक छोटी लाँड्री, एक मालक. खाली टीप: विनंतीवरून नावं आणि गाव बदललं आहे. मोठ्या माणसांना अशीच काळजी घ्यावी लागते.

काय माणूस आहे हा मालक! एका कारखान्याने त्याला सांगितलं, आमच्या कामगारांचे सगळे युनिफॉर्म धुवा, बाकी गिऱ्हाइकं सोडा. दुसरा असता तर उडी मारली असती. हा म्हणाला, "बघू." वाचताना अंगावर काटा आला. एका शब्दात केवढा संयम! लेखकाने त्या एका शब्दावर परिच्छेद खर्च केलाय. न नेलेले कपडे हा माणूस टाकत नाही, वर्षानुवर्षं सांभाळतो, कारण त्याच्या मते लाँड्री म्हणजे विश्वास. बटणं काडेपेटीत घालून परत करतो. केवढी बारीक नजर. त्याची बायको गिऱ्हाइकांना डागांवरून ओळखते. अशी बायको असेल तर कोण पुढे जाणार नाही? आमच्या ताईला नुसतं ओरडता येतं.

शेवटच्या पानावर आलो. कारखान्याचा माणूस दारात उभा, मालक हातात पंचा घेऊन विचारात. आणि शेवटची ओळ: "मालकाने आता काय करावं?"

संपलं. उत्तरच नाही! पानं उलटसुलट केली, मशीन बंद करून चालू केलं. मॅडमकडे तक्रार केली की शेवटचं पान गहाळ आहे. त्या म्हणाल्या, केस स्टडी इथेच संपते, मुलांनी वर्गात बसून भांडायचं. पुढे काय झालं ते "टीचिंग नोट"मध्ये असतं. ती फक्त शिकवणाऱ्यांना मिळते. म्हणजे शिकणाऱ्याला प्रश्न आणि शिकवणाऱ्याला उत्तर! आणि याला शिक्षण म्हणतात. बरं झालं मी वेळीच बाहेर पडलो.

पण मुद्दा लक्षात आला. परिस्थिती तंतोतंत आमचीच. फक्त मालक हुशार आणि भाऊजी भाऊजी. त्या टीचिंग नोटमध्ये जे उत्तर तेच आमचं उत्तर. हॉटेल कंपनीचे अहवाल वाचायची गरजच उरली नाही. आजच्या पानावर रक्ताचा डाग, थंड पाण्यात भिजवणे.

१३ फेब्रुवारी

जेवताना भाऊजींना केस सांगितली. चांगली तपशिलात, म्हणजे थोडं तरी लाजतील. ते घास हातात धरून ऐकत होते. काडेपेट्यांपर्यंत आलो तेव्हा ताईला ठसका लागला. "हा मालक कुठे आणि आपण कुठे," असं मी म्हटलं तर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचित्र आवाज येत राहिले. दुसऱ्याचं कौतुक काहींना सोसत नाही.

भाऊजींनी विचारलं, "मग काय केलं म्हणे त्याने पुढे?"

"तेच शोधतोय," मी म्हटलं.

"सापडलं की मलाही सांग हां," म्हणाले, आणि ताक मागितलं. निदान शिकायची इच्छा तरी दिसली.

१७ फेब्रुवारी

मधले दिवस विचारात गेले. विचार असा: टीचिंग नोट शिकवणाऱ्यांना मिळते. मग शिकवणारा व्हायचं. लोकांना साध्या गोष्टी सुचत नाहीत.

दुकानातल्या तयार कपड्यांच्या दांडीवर एक तपकिरी कोट होता, कोपरांना चामडं लावलेला. अस्सल प्राध्यापक. गिऱ्हाईक शुक्रवारी नेणार होतं, म्हणजे आज कोट मोकळाच होता. घातला. गेलो. अभ्यागताचा पास खिशात.

मॅडम म्हणाल्या, "या सर. कुठलं डिपार्टमेंट?"

"फायनान्स. व्हिजिटिंग."

त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं. "हल्ली प्राध्यापकांच्या कॉलरला नंबर लावतात वाटतं? चांगली सोय आहे. हरवले तर परत करता येतील."

मी म्हटलं, "हो, नवीन नियम." मागे हात लावला तर लाँड्रीचा टॅग. त्या पुढे म्हणाल्या की कोट ओळखीचा वाटतोय. मी म्हटलं, कोट सगळे सारखेच असतात, आत माणूस कोण ते महत्त्वाचं. त्या म्हणाल्या, "तेच तर बघतेय."

टीचिंग नोट मिळाली नाही. युनिव्हर्सिटीचा लॉगिन लागतो म्हणे. नोकरशाही! संतापाने खाली मशीनची कॉफी घेतली आणि तेवढ्यात एका टायवाल्याचा धक्का लागला. उजवी बाही. (धक्का मीच दिला असं तो म्हणतो.)

घरी येऊन डायरी उघडली. आजच्या पानावर गंजाचा डाग आहे: लिंबू आणि मीठ. कॉफीचा रंग साधारण गंजासारखाच असतो. चोळून उन्हात ठेवलं.

१८ फेब्रुवारी

कॉफीचा डाग गेला. त्याच्याबरोबर तिथला तपकिरी रंगही गेला. हे पावडरवाले काहीही छापतात.

२० फेब्रुवारी

कोट मार्करवाल्यांचा निघाला. आले न्यायला. नेमकी ताई दातांच्या डॉक्टरकडे, काउंटरवर मी. त्यांनी बाही उजेडात धरली. मी म्हटलं, हा आमचा नवीन प्रयोग आहे, कपड्याला श्वास घेता येतो. ते म्हणाले, "अच्छा. आणि मी परवा लायब्ररीत गेलो असं मॅडम सांगत होत्या. मी तर आजारी होतो."

मी विषय बदलला. हेच बिझनेस कम्युनिकेशन. केस स्टडीबद्दल सांगितलं. ते एकदम खुर्ची ओढून बसले. कशी वाटली विचारलं. मी सरळ सांगितलं, मालक ग्रेट, लिहिणारा कच्चा. शेवट सुचला नाही म्हणून प्रश्न टाकून पळाला. ते म्हणाले, "असं म्हणता?" आणि खिशातून मार्कर काढून आमच्याच बिलाच्या मागे लिहायला लागले. शर्टाची बाही अशीच खराब होत असणार.

"त्या मालकाला भेटावंसं वाटतं का तुम्हाला?"

"त्याच्या हाताखाली काम करायला मिळालं तर फुकट करेन."

"आणि तुमच्या भाऊजींकडे?"

मी म्हटलं, तिथे काय शिकणार? त्यांनी तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाले, फार उपयोग झाला तुमचा. माझ्या बोलण्याचं वजन कळणारा या गल्लीतला पहिला माणूस. कोटाचं काही बोलले नाहीत. फाटक्या बाहीच्या माणसाचं मन मोठं असतं. म्हणजे फाटकी नाही, फिकट.

२३ फेब्रुवारी

ताई रोज विचारते: "ती कंपनी बघितलीस का?" तिला पद्धत म्हणून काही कळतच नाही. आज टीचिंग नोट मीच लिहून टाकली. मालकासारखा दूरदृष्टीचा माणूस दुसरं काय करणार? काउंटर काढला असणार. मोठी झेप. मशिनं. नंतर विमानाने फिरला असणार.

आणि योग बघा. दुपारी भाऊजी बॉयलरच्या तपासणीसाठी सरकारी ऑफिसात, ताई वर, आणि हॉटेलवाल्याचा फोन. "काय ठरलं?" मी "बघू" म्हणणाऱ्यांपैकी नाही. म्हटलं, "ठरलं. या माप घ्यायला."

त्याने विचारलं, आपण कोण? म्हटलं, "स्ट्रॅटेजी."

घरी अजून सांगितलं नाही. आनंदाची बातमी एकदम द्यावी.

२५ फेब्रुवारी

काही माणसांना आनंद झेपत नाही.

सकाळी हॉटेलवाला आला, बरोबर दोन माणसं, टेप घेऊन. काउंटर मोजायला लागले. एकाने पहारही आणली होती. टोमॅटो सॉसवाले आजोबा शर्ट घेऊन आले आणि दारातच थबकले. भाऊजी मागून आले, हात साबणाचे. "हे काय चाललंय?" हॉटेलवाला म्हणाला, "तुमच्याच माणसाने हो म्हटलंय. आम्ही मशिनांची ऑर्डर लावायला निघालोय." भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी काडेपेट्या नीट रचत होतो.

तेवढ्यात ताई आली. धापा टाकत. गळ्यात "अभ्यागत" पास तसाच. माझ्याच्याने होणार नाही असं ठरवून सकाळीच लायब्ररीत गेली होती, मला न सांगता! तिने हातातला कागद काउंटरवर आपटला. हॉटेल कंपनीच्याच वार्षिक अहवालाचं पान. मागच्या भागात, बारीक अक्षरात, कोर्टात चालू असलेल्या भांडणांची माहिती असते म्हणे. त्यात एक नाही, तीन लाँड्र्या. प्रत्येकीला आधी असंच मोठं व्हायला लावलं आणि वर्षभरात सोडून दिलं.

ताई हॉटेलवाल्याला म्हणाली, "तुम्हीच छापलंय, मी नाही. यातली चौथी कोण होणार होती?"

हॉटेलवाला म्हणाला, फोनवर शब्द दिलाय. आजोबा मध्येच म्हणाले, "याने? अहो, याने मागच्या महिन्यात मला माझा शर्ट कॉफीवालीचा ब्लाउज म्हणून दिला होता. याचा शब्द कसला धरताय?" सगळे हसले. टेपवाले हसले. पहारवालाही.

गेले ते. काउंटर जागेवर. पहारीने कोपऱ्याचा एक टवका उडालाय.

मी ताईला विचारलं, किती वेळ लागला शोधायला. म्हणाली, "मॅडमनी विचारलं काय हवंय, मी सांगितलं, त्यांनी दाखवलं." असलं वरवरचं संशोधन. कापसाकडे बघितलंसुद्धा नसेल.

२६ फेब्रुवारी

ताई बोलत नाही. भांडी बोलतात. इस्त्रीवाले काका दुकानात मला बघून उगाच खोकतात, खोलीची उंची विचारतात.

भाऊजी ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त उडालेला टवका शोधला, सरसाने चिकटवला आणि सुतळीने बांधून ठेवला.

मी ठरवलंय. जगाला माझी गरज आहे, या घराला नाही. त्या केसमधल्या मालकाकडे जायचं, म्हणायचं, मी आलोय. मॅडमकडे पत्ता मागितला. त्या म्हणाल्या, नावं गुप्त आहेत. मी फार विनवलं. तेव्हा चष्मा डोळ्यांवर आणून म्हणाल्या, "तुम्ही रोज तिथूनच तर येता." फार खोल बोलतात काही माणसं. मला वाटतं त्यांना म्हणायचं होतं की माणूस रोज प्रश्नाकडून उत्तराकडे येतो. चांगलं वाक्य आहे. कुठेतरी वापरेन.

२८ फेब्रुवारी

बॅग भरली. ताई-भाऊजींना समोर बसवून सांगितलं: उद्या निघतो, त्या मालकाच्या शोधात. तिथे कदर होईल.

ताई म्हणाली, "अरे गधड्या, त्याच्याकडेच तर राहतोस!"

तिचं म्हणणं असं. काही वर्षांपूर्वी मार्करवाले त्यांची एमबीएची पोरं घेऊन आले होते, आठवडाभर इथे बसून लिहून घेत होते. तो मालक म्हणजे भाऊजी. ती बायको म्हणजे ताई. कारखान्याला त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि तो कारखाना नंतर बंद पडला. भाऊजी खाली मान घालून नखातली नीळ काढत होते. म्हणाले, "पंच्याचं मात्र त्यांनी मनाने घातलंय. माझ्या हातात मोजे होते."

मी विश्वास ठेवलेला नाही. काडेपेट्या कुठल्याही लाँड्रीत असू शकतात. न नेलेले कपडेही. "बघू" तर कुणीही म्हणतं. भाऊजींना मी रोज बघतो, त्यांच्यात तसलं काही असतं तर मला दिसलं नसतं? शिवाय केसमधला मालक उंच वाटतो.

१ मार्च, सकाळ

आंघोळ करून आलो तर बॅग खोलीत नाही. खोलीत इस्त्रीवाले काका आहेत, माझ्या खाटेवर, गुडघ्यांना तेल लावत. म्हणाले, "हवेशीर आहे हो." ताई म्हणाली, खाली बघ.

खाली गेलो. मागच्या भिंतीशी, न नेलेल्या कपड्यांच्या रॅकच्या बाजूला, एक घडीची खाट मांडलेली. वर धुतलेली चादर, कडक इस्त्रीची. रॅकच्या खालच्या फळीवर माझी बॅग, आणि बॅगेच्या पट्ट्याला पिवळा टॅग. भाऊजींच्या अक्षरात नंबर.

मी भाऊजींना सुनावलं. म्हटलं, मी काय कुणी टाकून गेलेला सदरा आहे? हे ठेवून काय करणार? ते म्हणाले, "बघू."

टॅग काढून दुपारच्या बसने जाणार. नक्की. आधी ही नोंद पुरी करतो.

तासाभराने

खाटेवर बसून लिहितोय, समोर लोंबणाऱ्या ओव्हरकोटाच्या आडून. काउंटरवर गर्दी आहे. मार्करवाले आलेत. अचानक, फोन न करता. तोच कोट, तीच फिकट बाही. सोबत टायवाल्यांची फौज, त्यात मशीनसाठी सुस्कारे टाकणारा तो पोरगाही आहे. ताईने सगळ्यांना चहा टाकलाय. मार्करवाले भाऊजींना "मालक" म्हणतायत. मोठ्याने. सगळ्यांसमोर.

म्हणजे ताई खरं बोलली.

पहिल्या भागाला मुलांनी फार डोक्यावर घेतलं म्हणे, म्हणून आता दुसरा भाग लिहायचाय. कच्चा मसुदा तयार आहे, मालकांनी फक्त ऐकून हो म्हणावं. एक मुलगी उभी राहून वाचतेय. हॉटेल आलं. फोन आला. टेप आणि पहार आली. कापसाचे भाव आले. कोट दोनदा आला, दुसऱ्यांदा मार्करवाल्यांनीच "इथे थोडं सविस्तर लिहा" म्हणून सांगितलं. काका वरून खाली ऐकायला आलेत, गुडघे गेलेले असून. ताई हसून हसून डोळे पुसतेय.

मुलगी शेवटच्या ओळीवर आली: "मालकाने आता मेहुण्याचं काय करावं?"

सगळे भाऊजींकडे बघायला लागले. ते तोंड उघडत होते, तर मार्करवाल्यांनी हात वर केला. "सांगू नका मालक. केस इथेच थांबते. उत्तर टीचिंग नोटमध्ये."

ती मला मिळणार नाही, लॉगिन लागतो. सुस्कारेवाला पोरगा वही उघडून रॅककडे यायला लागलाय. मेहुण्याची बाजूही हवी म्हणे.

टॅग काढायला गेलो. निघत नाही. भाऊजींनी पिन आतून वाकवून ठेवलीय. कितीही धुलाई झाली तरी निघू नये म्हणून ते अशीच वाकवतात.